चंद्राआक्काच्या पावण्या

शुभे, कान इकडे कर. पिरगाळत नाही, बोटांत आता तेवढा जोर कुठला, पण पिरगाळण्यासारखं बोललीस हे मात्र खरं. परवा फोनवर काय म्हणालीस? ‘मावशी, तुमच्या वेळी गिरणगावात कसले पक्षी गं, कावळे आणि कबुतरं!’ वा गं वा. तुम्ही पहाटे गाड्या काढून खाडीवर जाता, हिरव्या टोप्या घालता, एकमेकांना ‘श्श’ करता, म्हणजे पक्षी बघायचा शोध तुम्हीच लावला होय? बस आता. पदर आवर नाहीतर ओढणी आवर, काय ते आवर, आणि मांडी घालून बस. तुला चंद्राआक्का सांगते.

मी लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले ती गिरगावातून. अंतर म्हणशील तर ट्रामचं. पण मला पहिल्या दिवशी वाटलं, परमुलखात आले. पहाटे भोंगा झाला की फळीवरची भांडी थरथरायची. खोलीबाहेर गॅलरी, गॅलरीसमोर बोळ, आणि बोळापलीकडे गिरणीची उंच भिंत. त्या भिंतीच्या आत एक तलाव होता, इंजिनाचं पाणी निववायला खणलेला. थंडीत त्यातून वाफा यायच्या. काठाला जुने वड-पिंपळ होते, कोणी लावले देव जाणे. हे सगळं गॅलरीतून दिसत नसे. फक्त गच्चीवरून दिसे. आणि गच्चीवर आक्का असे.

उंच, सावळी, नऊवारी वर खोचलेली, कपाळ मोकळं आणि त्यावर गोंदणाचा हिरवा ठिपका. मालवणाकडची. आवाज असा की खालच्या नळावर भांडण चाललेलं असलं तर तिसऱ्या मजल्यावरून ती ते मिटवायची, आणि कंटाळा आला असला तर तिथूनच नवं लावून द्यायची. धंद्याने सुईण. म्युनिसिपालटीच्या बाईंनी तिला शिकवून तयार केली होती. दारामागच्या खिळ्याला कापडी पिशवी कायम भरलेली, कात्री, दोरा, डेटॉलची बाटली, स्वच्छ फडकी. बोलावणं आलं की हातातला घास टाकून पिशवी खांद्याला. आसपासच्या चाळींत कितीतरी पोरं तिच्या हातावर आलेली, त्यामुळे मिशा फुटलेल्या बाप्यांनासुद्धा ती रस्त्यात उभं करायची. ‘मेल्या, तुका उलटो धरून मी थापटलंय. माझ्याशी वर तोंड करून बोलतस?’

मला ती ‘गिरगावकरणी’ म्हणायची. मी ‘नाही’ म्हटलं की ती ‘नाय’ म्हणायची आणि मग दोघी हसायचो.

तिचं एक खूळ होतं. पोचवायला जायचं. चाळीतलं कोणीही गावाला निघालं की त्याची वळकटी उचलून आक्का पुढे. शिमग्याला अर्धी चाळ बोटीने कोकणात जायची, तेव्हा ही भाऊच्या धक्क्यापर्यंत जायची. बोट सुटली, मंडळींचे हात दिसेनासे झाले, पोचवायला आलेले घरोघर परतले, तरी ही उभीच. बोटीचा धूरही दिसेनासा झाला की मग वळायची. आणि निघताना कोणी चुकून ‘जातंय’ म्हणालं तर पाठीत धपाटा. ‘येतंय म्हण!’ तिच्या दारातून माणूस निघून गेलं आणि पाठीमागे दार लागलं, असं कधी झालं नाही. पाहुणा जिना उतरून बोळाच्या टोकाला वळेपर्यंत ती कठड्याला.

मी एकदा विचारलं, ‘आक्का, तुम्हाला एवढं का हो?’ तेव्हा हसत हसत सांगितलंन. नवरा आजारी होता. त्याला गावी न्यायला त्याचे भाऊ आले, तेव्हा ती कुणाच्यातरी बाळंतपणात अडकलेली. परत आली तर खोलीला कुलूप आणि किल्ली शेजारी. तो गावी गेला तो गेलाच. ‘कुलपाक विचारलंय, खंय गेले? ता काय बोलता?’ असं म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

तर पक्षी.

थंडी सरत आली होती. मी गच्चीवर कपडे काढायला गेले, संध्याकाळची वेळ. पाहते तर धुराड्याच्या बाजूला एक काळा ढग. मला वाटलं धूर. पण धूर असा वळतो का? तो ढग खाली आला, लांबला, मध्येच चिमटला, पुन्हा फुगला, आणि एकदम आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा वाऱ्यासारखा आवाज झाला, हजार साड्या एकदम झटकाव्यात तसा. मी खाली बसले गं, डोक्यावर हात घेऊन! आणि मागून आक्काचं हसणं. ‘भियालस? माझ्या पावण्या त्या!’

त्या भोरड्या. तुम्ही त्यांना गुलाबी मैना म्हणता. डोकं काळं, डोक्यावर शेंडी, पंख काळे, आणि पोट-पाठ गुलाबी, म्हणजे जणू गुलाबी पोलकं आणि वरून काळं लुगडं. ‘आल्या तेव्हा मळक्या होत्या,’ आक्का सांगायची, ‘आता माहेराक जायची वेळ इली, रंग चढलो बघ!’ त्यांचं माहेर कुठे लांब उत्तरेला, डोंगरापलीकडे, बर्फ वितळतं तिथे. तिथे जाऊन पिल्लं काढायची आणि पावसाळा संपता संपता परत आपल्याकडे. दिवसभर त्या पांगाऱ्याच्या, सावरीच्या फुलांवर कुठे कुठे मध खायला जायच्या, शिवडीकडे, वडाळ्याकडे. संध्याकाळी साऱ्या मुंबईतून गोळा होऊन गिरणीच्या तलावावर. झाडांवर बसल्या की असा कलकलाट, की आमच्या नळावरच्या बायका लाजाव्यात. अंधार पडला की मात्र एकदम शांत. कोणीतरी बटण बंद केल्यासारखं.

मी रोज जाऊ लागले. नवीन लग्न झालेलं, सासूबाई कडक, आणि वर हा फुकटचा तमाशा! आक्काने मला सगळं दाखवलं. तलावाच्या काठावर शेपूट खाली-वर नाचवणारे धोबी पक्षी. तारेवर ओळीने बसणाऱ्या भिंगऱ्या. एकदा वरळीच्या समुद्रावर नेलंन, पांढरे कुरव दाखवायला, हातात चणे, आणि ‘हे पण जातले आता’ म्हणालीन. जाणारं सगळं तिला ठाऊक.

पण जाताना बघायचं तिचं राहिलं होतं. हीच खरी गोष्ट आहे शुभे, नीट ऐक. येताना सगळेच बघतात. एक दिवस संध्याकाळी ढग दिसतो, की आल्या. जाताना कसं कळणार? त्या रोजच पहाटे उठून जातात. रोज संध्याकाळी येतात. मग एका संध्याकाळी येत नाहीत. तेव्हा कळतं, की सकाळी गेल्या त्याच शेवटच्या. तोवर सकाळ कुठे उरलेली असते? म्हणजे जाताना बघायचं असेल तर रोजची पहाट राखायला हवी. एकही सोडून चालणार नाही. आणि सुईणीला सगळ्यात जास्त बोलावणी कधी येतात, सांग? पहाटेच.

कित्येक वर्षं ती चुकत आली होती. ‘का बघायचंय?’ म्हणून विचारलं की दर माणसाला वेगळं उत्तर. पोरांना सांगायची, त्यांच्यामागून उडत जाणार आहे. सासूबाईंना म्हणाली, पुण्य लागतं. मला म्हणाली, ‘एवढ्या दूर जातात, रस्त्यात काय व्हायचा ता होवो, निघताना कोण तरी बघणारा नको?’ आणि एक ठाम मत होतं तिचं. रोज त्या झाडावरून उठून थेट चरायला जातात. जायच्या दिवशी तशा जायच्या नाहीत. घुटमळतील. ‘एवढे दिस ऱ्हवलेली माणसा घुटमळल्याशिवाय उंबरो वलांडतत?’

आता ते दिवस कसले होते बघ. मुंबईसह महाराष्ट्र व्हायलाच पाहिजे, याशिवाय चाळीत दुसरा विषय नाही. गोळीबार झाले होते, घराघरांत राग धुमसत होता. आमच्या बोळाच्या तोंडाशी पोलिसांची लॉरी. गच्च्यांवरून दगड येतात म्हणून गच्चीवर डोकं दिसलं की खालून शिट्टी. आणि आक्का पहाटे कठड्याला! खाली एक हवालदार उभा असे, साताऱ्याकडचा, पोरगेलासा.

‘ओ म्हातारे! खाली व्हा!’

‘म्हातारी कोणाक म्हणतस? तुझ्या आवशीक म्हण!’

‘आई, आर्डर हाय. वर थांबायचं न्हाई.’

‘दगड नाय रे बाबा माझ्याकडे. पाखरा बघतंय.’

‘पाखरं?’ त्याला वाटलं, म्हातारी चळली. ‘खाली व्हा म्हंतो ना!’

रोज हे. शेवटी त्याने वरच्या साहेबाची भीती घातली, आणि चाळीतल्या माणसांनीही आक्काला हात जोडले, ‘उगाच तुमच्यापायी गोळी यायची.’ ती उतरली. पण उतरून थेट त्याच्यासमोर गेली, कमरेवर हात. ‘मी नाय तर तू बघ. नुसतो उभो आसस, वाईच काम कर. झाडावरून उठली की थेट जातत की फिरतत, एवढा सांग माका.’ त्यानं मान हलवली, टाळायला हलवतात तशी.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी मी नळावर, आणि तो हवालदार बोळात आला. तो आक्काकडे बघून असा फुललेला! ‘आजी, सकाळी लई गंमत झाली बघा! उठली पाखरं, आन् निस्ती गोल गोल. एक फेरा, दोन फेरं, मोजलं न्हाईत. वर वर गेली. मला वाटलं मान मोडंल माझी! आन् मग शिवडीकडं न्हाई, सरळ दादरच्या अंगाला. गेलीच!’

आक्काने हातातली कळशी खाली ठेवली. इतक्या वर्षांचं तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि बघितलं कोणी, तर पोलिसाने! मग म्हणाली, ‘चा पितस?’

पोलिसाला चहा! त्या दिवसांत! नळावर नुसती खळबळ. माझ्या सासूबाई तर पुढेच आल्या. ‘चंद्रे, लाज नाही वाटत?’ आक्का कपबशी विसळत म्हणाली, ‘मी नव्हतंय, पण पोचवल्यान ना त्येना!’ त्या पोराने उभ्या उभ्या चहा प्यायला, बायकांकडे न बघता, कप नीट पालथा ठेवला आणि गेला. संध्याकाळी आकाश रिकामं होतं.

पुढल्या वर्षी तिने कंबरच कसली. बाळंतपणं दुसऱ्या सुईणीकडे ढकलू लागली. ‘सध्या माझ्याकडे पावण्या आसत,’ असं सांगायची आणि लोकांना खरंच वाटायचं, घरात पाहुणे असतील. पण वरळीच्या बीडीडी चाळीतून बोलावणं आलं, पोर पायाळू, दुसऱ्या सुईणीने हात टेकलेले. पिशवी खांद्याला. काय करणार? मी तेव्हा माहेरी गिरगावात गेलेले. आक्का तिथे अडकली ती दुपारी सुटली. पोर आणि आई सुखरूप. आणि संध्याकाळी आक्का येऊन पाहते तर तलावावर एक पीस नाही.

ते घर नुकतीच दीक्षा घेतलेलं, बौद्ध. नाव मोठं सुंदर ठेवलं त्यांनी मुलीचं, यशोधरा. पण आक्का रोज त्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची, आणि पायावर पोर घेतलं की बोल लावायची, ‘तुझ्यापायी गेल्यो माझ्या पावण्यो! वाट बघवली नाय तुका? गो भोरडे!’ झालं, नाव पडलं. कागदावर यशोधरा, हाकेला भोरडी. पुढे शाळेत बाईंनी हजेरीला यशोधरा म्हटलं की ती इकडेतिकडे बघायची, ही कोण म्हणून. आक्का तिथे न्हाऊ घालून वर चहापाणी करून यायची, याबद्दल आमच्या जिन्यात कुजबुज झाली. ‘त्यांच्याकडचं पाणी?’ आक्का जिन्यातच थांबली. ‘त्यांच्याकडचा पोर आधी मी हातात घेतलंय. मग पाण्याक काय झाला?’

आणि मग त्यानंतर दोनेक वर्षांनी ती थाळी. हे सांगताना मला अजून पोट धरून हसू येतं.

सत्याग्रहाला गेलेली, जाणारी पोरं चाळीत लपायची आणि पोलीस त्यांना पहाटे झोपेत धरायला यायचे. म्हणून चाळीच्या कमिटीने ठरवलं, गच्चीवर आळीपाळीने राखण. पोलीस दिसले की पितळेची थाळी वाजवायची. कमिटीचे पुढारी नाना, धोतर, काळी टोपी, बोलताना उजवा हात आपोआप वर जायचा, दोन माणसांशी बोलले तरी सभा. नानांनी विचारलं, ‘पहाटेची पाळी कोण घेईल? झोपमोड आहे.’ आक्काने हात वर केला. नानांना गहिवरून आलं. ‘बघा! आमच्या माताभगिनी!’ मी खाली मान घालून हसू दाबत होते, कारण मला एकटीला ठाऊक, माताभगिनी कशाची राखण करणार ते.

एक मात्र सांगते, राखण तिने मनापासून केली. एक डोळा बोळाच्या तोंडाशी, एक तलावावर. पण एका पहाटे, अजून धुकं होतं, भोरड्या वेळेआधीच एकदम उठल्या. आणि फेरा धरला! गोल! दुसरा फेरा! आणि आक्काच्या हातात ती थाळी होती ना... वाजली! तिला स्वतःलाच कळलं नाही, वाजली!

अगं, चाळ उलटली. वरच्या मजल्यावरून बायकांनी आधी पाणी ओतलं, बघितलं मागाहून. ते पडलं दुधवाल्या भय्यावर. लपलेली दोन पोरं कोळशाच्या कोठीत शिरली. माझे दीर पाटलोण हातात घेऊन लंगोटीवर बोळात. आणि नाना! नानांच्या खोलीत पत्रकांचा गठ्ठा होता, नुकता छापून आणलेला. पुरावा नको म्हणून त्यांनी तो सगळा चुलीत घातला. काळाकुट्ट धूर. डोळे पुशीत, खोकत गच्चीवर आले.

‘कुठायत? पोलीस कुठायत?’

आक्का वर बघत होती. ‘पोलीस नाय नाना. ससाणो आसा.’

‘काय आहे?’

‘ससाणो! त्येना उठवल्यान त्येंका. ता बघा, परत बसल्यो झाडावर. आज जाणार नाय त्या.’ आणि चेहरा असा उजळलेला, की जणू नानांनाही आनंदच व्हायला हवा.

नानांचा हात वर गेला होता तो तसाच राहिला. मग गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली नानांच्या जानव्याला. आक्काने किती विनवण्या केल्या! शेवटी पापडांचं निमित्त काढलंन. दिवस पापड-कुरडयांचे, सगळ्या बायकांना गच्ची हवीच. नाना म्हणाले, ‘किल्ली देतो. पण ऊन पडल्यावर. पापड पहाटे वाळत नाहीत, आक्का.’ अशी त्या वर्षीचीही पहाट गेली. ती कुलपाच्या आतल्या बाजूला जिन्यात बसून राहायची, वर पंखांचा आवाज येतो का ऐकत. एका सकाळी म्हणाली, ‘आज आवाज फिरत होतो गो.’ बस. एवढंच.

त्यानंतरचा वसंत. महाराष्ट्र होणार, मुंबईसह होणार, हे नक्की झालं होतं. काय ते दिवस, शुभे! बोळात पताका, प्रत्येक दारात नव्या रांगोळ्या, भजनी मंडळ रोज बसायचं, कोणी कोणाला ओळख नसताना मिठ्या मारायचं. नाना स्वतः आक्काच्या दारात आले. किल्ली पुढे केली. ‘घ्या. आता नाही यायचे पोलीस. तुमच्या पाहुण्यांना माझा नमस्कार सांगा.’ आक्काने किल्ली घेतली आणि त्यांच्या पाठीत धपाटा घातला, पुढाऱ्याच्या!

तिने एकही पहाट सोडली नाही. थवे रोज घटत होते. गटागटाने जात असाव्यात, बाकीच्या रोजच्यासारख्या चरायला जायच्या आणि परतायच्या. आक्काचे डोळे लाल, पायाला सूज. ‘शेवटचा थवा ऱ्हवलो,’ म्हणायची. आता तिचा गुडघा दुखायला लागला होता, जिना चढताना थांबायची, आणि मला आतून वाटायचं, हे वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी ही गच्ची तिला चढवेल की नाही.

त्या दिवशी मी तिच्यासाठी चहा घेऊन वर गेले होते. उजाडत होतं. भोंगा अजून व्हायचा होता. आणि त्या उठल्या. साऱ्या एकदम, झाडच्या झाड उचललं जावं तशा. मी वडाळ्याच्या बाजूला बघायला लागले, रोज तिकडेच जायच्या. पण नाही. तलावावर त्यांनी फेरा धरला. मी ससाणा शोधला. ससाणा नव्हता.

आक्काने माझा दंड धरला. वळ उठला होता दुसऱ्या दिवशी.

आणि तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं. शेजारच्या चाळीतला किसन, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, धापा टाकत दारात. ‘आक्का! चला! हौसाला कळा सुरू झाल्यात!’

वर दुसरा फेरा. आक्का त्याच्याकडे वळली. पुन्हा वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे झालं ते मी शब्दांत मांडू शकत नाही, पण तू आई आहेस, तुला कळेल.

‘पहिलटकरीण ना?’

‘होय.’

‘पाणी गेला?’

‘नाही... नाही बहुतेक.’

‘कळ येता आणि बोलता, की बोलणा बंद होता?’

‘बोलतेय की! मला शिव्या देतेय!’

‘शिव्या देता? मग वेळ आसा.’ आणि माझा दंड सोडून तिने त्याचं मनगट पकडलं, त्याला ओढत कठड्याशी आणलंन. आख्ख्या जन्मात तिने पहिल्यांदा दारात आलेलं बोलावणं थांबवून धरलं होतं. ‘मेल्या, वर बघ! बाप होतलस आज. बघून घे!’

किसन बिचारा, त्याला काय कळणार? पण बघायला लागला. आणि मग त्याचंही तोंड उघडं राहिलं. तिसरा फेरा गच्चीवरून आला, इतका खालून, की आमच्या अंगाला वारा लागला, आणि सूर्य तेवढ्यात गिरणीच्या भिंतीवरून वर आला होता, त्याचा उजेड त्यांच्या पोटांवर पडला. गुलाबी! अख्खा थवा गुलाबी झाला, वळला की काळा, पुन्हा गुलाबी. वर गेल्या. आणखी वर. धुराड्यांच्या वर. आणि मग जणू कोणीतरी हाक मारली, तसा तो गोळा उलगडला, त्याची एक लांब दोरी झाली आणि ती दोरी परळवरून, दादरच्या अंगाला, उत्तरेला निघाली. आक्का टाचा उंचावून बघत होती. दोरीचा धागा झाला. धाग्याचा ठिपका. तो ठिपका मला दिसेनासा झाला तरी तिला दिसत होता.

‘आक्का...’ किसन रडकुंडीला आला होता.

‘चल!’ तिने पिशवी उचलली, ती तिने वरच आणून ठेवली होती रोजच्यासारखी. आणि तो दुखरा गुडघा घेऊन जिना अशी उतरली, की मला खाली बघवेना. मी कठड्याकडे धावले. बोळात ती दिसली. पळत होती गं! नऊवारी खोचलेली, पिशवी खांद्यावर उडतेय, किसन मागे पडलेला. नळावरच्या बायका बाजूला सरकल्या. पळता पळताच मान वर करून माझ्याकडे बघितलंन, आणि त्या आवाजात, जो तिसऱ्या मजल्यावरून भांडणं मिटवायचा, ओरडलीन, ‘गिरगावकरणी! बघितलंय गो! बघितलंय!’ पताकांच्या खालून गेली, टोकाला वळली, आणि किसन तिच्यामागून वळला. दुपारी हौसाला मुलगा झाला, आई-लेकरू धडधाकट.

आक्का पुढे बरीच वर्षं होती. पण मला ती आठवते ती तशीच, पळताना.

आता चाळ नाही. तिथेच हा टॉवर उभा आहे, आणि मी अकराव्या मजल्यावर. तलाव बुजवला, झाडांतला एक पिंपळ तेवढा मागच्या आवारात टिकलाय. गेल्या आठवड्यात संध्याकाळी खिडकीतून मला काहीतरी वळताना दिसलं. थोड्याच होत्या, ओंजळभर. पण फेरा तोच. पहाटे वरच्या गच्चीवर जायला मला आता हात धरणारं माणूस लागतं, आणि सुनेला ऑफिस आहे. तू ये. शनिवारी मुक्कामालाच ये, पोरांना घेऊन ये, उशिरा उठायची सवय घरी ठेवून ये. आणि ‘बघते मावशी’ म्हणू नकोस, लवकर ये.